एजंटच्या यादीतली कोविड चाचणी: शब्दांचे अर्थ आणि घड्याळाचा घोळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरचे आईबाबा, वय ६८ आणि ७३, पुढच्या महिन्यात लंडनला विमान बदलून टोरांटोला मुलीकडे निघाले आहेत. एजंटने व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली आहे: ‘नॅट निगेटिव्ह, एनपी स्वॅब, ७२ तासांच्या आत, आयएसओ १५१८९ लॅब, सीटी व्हॅल्यू लिहिलेली हवी, फिट टू फ्लाय’. यातली कुठली टेस्ट करायची, कुठे आणि कधी?

आधी उत्तर देतो: एकही नाही. ब्रिटनने प्रवाशांवरच्या कोविडच्या अटी १८ मार्च २०२२ला काढल्या, कॅनडाने १ ऑक्टोबर २०२२ला. भारतात परतणाऱ्यांसाठीचा ‘एअर सुविधा’ फॉर्म त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला बंद झाला. बराच काळ अडून बसलेल्या चीननेही ३० ऑगस्ट २०२३ला अँटिजेनची अट सोडली. एजंटची यादी म्हणजे तीन-चार देशांच्या जुन्या अटींची खिचडी आहे. आयएसओ १५१८९चा आग्रह हाँगकाँगचा, नमुना कुठून घेतला याची काटेकोर विचारणा जपानची, ‘फिट टू फ्लाय’ हा ब्रिटनकडे जाणाऱ्यांच्या तोंडचा शब्द. कुणीतरी २०२१ साली बनवलेली फाइल अजून फॉरवर्ड होत फिरते आहे.

सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, काउंटरवरचा माणूस एजंटची यादी बघत नाही. तो टिमॅटिक बघतो, म्हणजे विमान कंपन्यांची देशोदेशीच्या प्रवेश-अटींची सामाईक नोंद. कंपन्यांच्या संकेतस्थळावर ‘प्रवासाची कागदपत्रे’ या सदरात बहुधा तीच माहिती दिसते. ती एकदा तिकीट काढताना बघा आणि एकदा निघण्याच्या चार दिवस आधी. लंडनला विमानतळाबाहेर पडणार असाल तर ब्रिटनच्या अटीही बघा.

तरीही हे शब्द समजून घेण्यात अर्थ आहे, कारण अट परत येते तेव्हा सवड देत नाही. २९ डिसेंबर २०२२ला भारताने जाहीर केले आणि १ जानेवारी २०२३पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर सक्तीची झाली. ती १३ फेब्रुवारीला उठली. म्हणजे नोटीस तीन दिवसांची आणि अट सहा आठवड्यांची. अशा वेळी ज्याला शब्द कळतात त्याचेच विमान चुकत नाही.

कुठल्याही देशाची अट वाचताना तिचे चार तुकडे करा: पद्धत कोणती, नमुना कुठला, घड्याळ कुठून कुठपर्यंत, आणि कागदावर काय हवे. महामारीच्या काळात काउंटरवरून परत पाठवलेले कितीतरी जण निगेटिव्हच होते. अडायचे ते घड्याळावर किंवा कागदावर.

पद्धतीपासून सुरू करू. ‘नॅट’ हे एका चाचणीचे नाव नाही, घराण्याचे आहे. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या सगळ्या चाचण्या त्यात येतात. काही देश त्यांनाच ‘मॉलिक्युलर टेस्ट’ म्हणत. आरटी-पीसीआर ही घरातली थोरली. करोना हा आरएनए विषाणू आहे आणि पीसीआर डीएनएवर चालते, म्हणून आधी आरएनएचा डीएनए करून घ्यावा लागतो, तो ‘आरटी’चा भाग. मग यंत्र तो तापवते-थंड करते, आणि अशा दर आवर्तनात तो दुप्पट होत जातो. ट्रूनॅट आणि सीबीनॅट ही यंत्रे आपल्याकडे टीबीसाठी आधीपासून होती. तीही याच घराण्यातली, फक्त नमुना चिपवर किंवा बंद कार्ट्रिजमध्ये जातो आणि निकाल लवकर येतो. अटीत ‘नॅट’ किंवा ‘मॉलिक्युलर’ असेल तर ही चालतात. ‘आरटी-पीसीआर’ हाच शब्द असेल तर रिपोर्टवरही तोच शब्द छापलेला हवा. यंत्राच्या आत रसायन तेच असले तरी काउंटरवरचा माणूस रसायन तपासत नाही, शब्द जुळवतो.

मुंबईत सर्वांत जास्त गफलत केली ती ‘रॅपिड’ या शब्दाने. बोलण्यात त्याचे तीन अर्थ होते. ‘रॅपिड केली’ म्हणजे बहुतेकांच्या लेखी अँटिजेन टेस्ट, पट्टीवर दोन रेघांची. विमानतळावरची ‘रॅपिड पीसीआर’ हे वेगळेच प्रकरण. तिथल्या छोट्या यंत्रांपैकी काही तर पीसीआर नव्हतीच. आयडी नाऊसारखे यंत्र एकाच तापमानावर द्रव्य वाढवते आणि जास्तीत जास्त १३ मिनिटांत निकाल देते. घराणे नॅटचेच, पण आवर्तने नाहीत. तिसरा अर्थ, नेहमीचीच आरटी-पीसीआर, फक्त जास्त पैसे घेऊन लवकर दिलेला रिपोर्ट. ऑगस्ट २०२१पासून काही महिने दुबईला जाणाऱ्यांना दोन निकाल लागत: नमुना दिल्यापासून ४८ तासांच्या आतली आरटी-पीसीआर, आणि वर विमान सुटण्याआधी सहा तासांच्या आत विमानतळावर केलेली रॅपिड पीसीआर. सुरुवातीला ही मुदत चारच तासांची होती. घरून ‘रॅपिड’ करून निघालेल्याच्या हातात अँटिजेनचा कागद असायचा, आणि त्याला तिथे काडीची किंमत नव्हती.

अँटिजेन टेस्ट विषाणूचे प्रथिन शोधते, जनुकीय द्रव्य नव्हे, आणि ते वाढवून घेत नाही. म्हणून विषाणू भरपूर असेल तेव्हाच पकडते. २०२० साली आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मान्य केलेल्या पहिल्या किटच्या तपासणीत संवेदनशीलता, म्हणजे बाधितांपैकी किती पकडले, ५०.६ ते ८४ टक्के आली होती आणि विशिष्टता, म्हणजे निरोग्यांपैकी किती जणांना बरोबर ‘नाही’ म्हटले, ९९.३ ते १०० टक्के. म्हणजे लक्षणे असताना ‘आहे’ म्हणाली तर बहुतेक वेळा खरे, ‘नाही’ म्हणाली तर भरवसा नको. अमेरिकेने अँटिजेन चालवून घेतली, इतर अनेकांनी नाही. घरच्या घरी केलेली स्व-चाचणी, म्हणजे केमिस्टकडून आणलेले किट, प्रवासासाठी जवळपास कुठेच चालत नव्हती. कारण उघड आहे: त्या पट्टीवर नाक कुणाचे होते हे कुणी पाहिलेले नसते.

अँटीबॉडी टेस्ट, म्हणजे रक्तातली आयजीजी-आयजीएम, तुम्हाला संसर्ग किंवा लस होऊन गेली का हे सांगते. आज विषाणू आहे का, हे नाही. चीनने काही काळ पीसीआरच्या जोडीला आयजीएम मागितली होती. तो अपवाद सोडला तर प्रवासासाठी तिचा विचारच करू नका.

आता सीटी व्हॅल्यू. आरटी-पीसीआरमध्ये कितव्या आवर्तनाला सिग्नल ठरलेल्या रेषेवर गेला तो आकडा म्हणजे सीटी. आकडा लहान तितका विषाणू जास्त. दहा आवर्तनांचा फरक म्हणजे दोनचा दहावा घात, साधारण हजार पट. आयसीएमआरने ३५ किंवा त्याखाली पॉझिटिव्ह अशी मर्यादा ठरवून दिली होती. पण हा आकडा किट, यंत्र, जनुक आणि स्वॅब किती नीट घेतला यावर हलतो. एका लॅबचा २८ आणि दुसरीचा ३१ यांची तुलना करण्यात राम नाही. निगेटिव्ह रिपोर्टवर तर सीटी बहुधा नसतोच, कारण बहुतेक वेळा सिग्नलने रेषा ओलांडलेलीच नसते. ‘निगेटिव्ह हवा आणि सीटीही लिहिलेला हवा’ अशी मागणी ज्याने यादीत घातली त्याला सीटी म्हणजे काय हे ठाऊक नव्हते.

नमुन्याबद्दल. एनपी म्हणजे नाकातून थेट घशाच्या वरच्या भागापर्यंत, ओपी म्हणजे तोंडातून घशाचा. आपल्याकडे बरेचदा दोन्ही घेऊन एकाच नळीत टाकतात. जपान फक्त घशाचा नमुना मान्य करत नसे. रिपोर्टवर नुसते ‘थ्रोट स्वॅब’ छापले असेल तर आत काय होते याला अर्थ उरत नसे. म्हणून नमुना घेणाऱ्याला आधीच विचारा की रिपोर्टवर नमुन्याच्या रकान्यात काय येणार आहे.

एनपी स्वॅब नीट घेतला हे कसे ओळखावे? काडी कपाळाच्या दिशेने वर जात नाही, टाळूला समांतर, कानाच्या दिशेने आत जाते. अडथळा लागेपर्यंत, म्हणजे साधारण नाकपुडी ते कान या अंतराच्या निम्म्याहून जास्त. तिथे काही सेकंद थांबवून, हळू फिरवून बाहेर काढतात. डोळ्यांत पाणी आले तर नमुना बहुधा बरोबर जागचा आहे. अर्ध्या सेकंदात नाकाच्या दाराशी फिरवून काढलेली काडी म्हणजे खोट्या निगेटिव्हची सोय. काडी नायलॉनच्या किंवा तत्सम कृत्रिम धाग्याची आणि प्लास्टिकच्या दांडीची हवी. लाकडी दांडी आणि कापूस पीसीआरच्या रसायनात अडथळा आणतात. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर काडी आत जाण्याआधी सांगा, नंतर नाही. नाकाचे हाड वाकडे असेल तर दुसरी नाकपुडी द्या. लाळेचा नमुना असेल तर आधी अर्धा तास चहा, पान, तंबाखू, गुळण्या काही नको.

घड्याळ हा या सगळ्यातला सर्वांत निसरडा भाग, आणि मुंबईकरांसाठी त्यात एक खास खड्डा आहे. सहारवरून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा विमान शनिवार, १५ तारखेला पहाटे २ वाजून १५ मिनिटांनी आहे. घरात सगळे त्याला ‘शुक्रवार रात्रीचं विमान’ म्हणतात. शुक्रवारातून तीन दिवस वजा करून मंगळवारी, ११ तारखेला संध्याकाळी सातला घरी माणूस बोलावून नमुना दिला. प्रत्यक्षात ७२ तासांची खिडकी उघडते बुधवारी, १२ तारखेला पहाटे सव्वादोनला. तुमचा नमुना ७९ तासांचा झाला. रिपोर्ट निगेटिव्ह आणि निरुपयोगी.

‘७२ तास’ आणि ‘तीन दिवस’ एकच, असे धरून चालू नका. अमेरिकेने २६ जानेवारी २०२१पासून ‘तीन दिवस’ म्हटले होते, तास नव्हे. विमान १४ तारखेला रात्री साडेअकराला असेल तर ११ तारखेला सकाळी सहाला दिलेला नमुनाही चालायचा, जरी तो साडेएकोणनव्वद तासांचा असला तरी. ६ डिसेंबर २०२१पासून तीनचा एक दिवस झाला आणि १२ जून २०२२ला अटच संपली. ब्रिटनमध्ये उतरल्यानंतरच्या ‘डे टू’ टेस्टमध्ये उतरलेला दिवस शून्य धरत, एक नाही. आपली सवय आजपासून एक मोजायची. तिथेच एक दिवस चुकायचा.

मग घड्याळाची दोन टोके. सुरुवात नमुना दिल्यापासून की निकाल आल्यापासून? बहुतेक ठिकाणी नमुना दिल्यापासून. शेवट विमान सुटेपर्यंत की तिथे पोहोचेपर्यंत? युरोपातले काही देश प्रवेशाच्या क्षणापासून मागे मोजत. मुंबई ते लंडन साधारण साडेनऊ-दहा तास, पुढे टोरांटोपर्यंत आठ, मध्ये थांबणे. घरबसल्या एक दिवस खाल्ला. आणि सुटेपर्यंत मोजायचे तर पहिले विमान की शेवटचे? अमेरिकेने पहिले विमान धरले होते, पण सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असेल आणि मधला थांबा २४ तासांपेक्षा जास्त नसेल तरच. वेगवेगळी तिकिटे काढून पैसे वाचवणाऱ्यांचे तिथे अडले. कॅनडाची तऱ्हा आणखी वेगळी. सप्टेंबर २०२१च्या अखेरीपासून काही महिने, थेट विमानाने जाणाऱ्यांना दिल्ली विमानतळावर ठरवून दिलेल्या एकाच लॅबमध्ये, सुटण्याआधी १८ तासांच्या आत नमुना द्यावा लागे. दादरची कितीही नामांकित लॅब तिथे चालत नसे.

रिपोर्टवर तीन वेळा असतात: नमुना घेतल्याची, लॅबमध्ये पोहोचल्याची आणि निकाल दिल्याची. घरी नमुना घेणारा बोरिवलीत सकाळी ७:४०ला काडी घेतो, आणखी चार घरे करतो, मग पेटी लॅबमध्ये जाते आणि तिथे ११:१५ला बारकोड लागतो. सॉफ्टवेअर कधी कधी बारकोडची वेळच ‘नमुना घेतल्याची वेळ’ म्हणून छापते. कधी ती तुमच्या फायद्याची ठरते, कधी तोट्याची, आणि खरी तर ती नसतेच. माणूस दारातून बाहेर पडायच्या आत त्याच्या फॉर्मवरची वेळ वाचा.

लॅबला वेळ का लागतो तेही समजून घ्या. पीसीआरची प्लेट ९६ खणांची असते. त्यात पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच ठाऊक असलेले नमुने, बसतात, उरलेल्यात माणसे. आरएनए वेगळा काढणे, प्लेट भरणे, दीड-दोन तासांचा रन आणि मग डॉक्टरची सही. सगळे सुरळीत गेले तरी निम्मा दिवस. नमुने थोडे असतील तर प्लेट भरायची वाट बघितली जाते. आणि कंट्रोल फसला तर अख्खी बॅच परत. म्हणून ७२ तास मिळाले तरी ७० तास आधी घाई करू नका आणि २० तासांपर्यंत थांबूही नका. सुटण्याआधी ४० ते ५० तासांच्या दरम्यान नमुना द्या. एक रिपीट निघाला तरी त्यात सामावतो. पावसाळ्यात अंधेरी सबवे भरलेला असेल तर पेटी कुठेतरी अडकणारच, तेही धरा.

कागदावर नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुधा वडिलांचे किंवा नवऱ्याचे नावही असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. लॅबमध्ये आधार दाखवलेत आणि आईच्या आधारवर माहेरचे नाव असेल तर मामला तिथेच बिघडला. वयाऐवजी जन्मतारीख छापून मागा, कारण बरीच सॉफ्टवेअर ‘६८ वर्षे’ एवढेच छापतात. पासपोर्ट क्रमांक हवा. तारीख अंकांत नको: ०५/०६ हे आपल्याला ५ जून, अमेरिकेला ६ मे. महिना अक्षरात हवा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर लॅबच्या संकेतस्थळावरचा मूळ रिपोर्ट उघडायला हवा. नुसती अक्षरे दाखवणारा कोड म्हणजे शोभेचा शिक्का. आयएसओ १५१८९ हे वैद्यकीय प्रयोगशाळांचे मानक, भारतात त्याची मान्यता एनएबीएल हे प्रयोगशाळांना मान्यता देणारे मंडळ देते, आणि ती लॅबला सरसकट नसते, कोणकोणत्या चाचण्यांना आहे याची यादी असते. ‘फिट टू फ्लाय’ म्हणजे बहुतेक वेळा तोच रिपोर्ट आणि डॉक्टरच्या दोन ओळी.

‘ट्रॅव्हल पीसीआर’ नावाची निराळी चाचणी अस्तित्वात नाही. नमुना त्याच प्लेटमध्ये जातो. मार्च २०२०मध्ये ४५०० रुपयांची कमाल किंमत होती, ती डिसेंबर २०२१पर्यंत महाराष्ट्रात लॅबमध्ये जाऊन दिल्यास ३५०वर आली. प्रवासाच्या नावाने वर जे घेतात ते घाईचे आणि कागदाचे.

निकालाचे शब्द: ‘नॉट डिटेक्टेड’ म्हणजे निगेटिव्ह. ‘इन्व्हॅलिड’ म्हणजे तुमच्या नमुन्यात माणसाचे स्वतःचे जनुकही सापडले नाही. आरनेस-पी नावाचे मानवी जनुक बहुतेक किट मुद्दाम तपासतात, ते न सापडणे म्हणजे काडीवर काही आलेच नाही. ‘इन्कन्क्लुझिव्ह’ म्हणजे दोन-तीन विषाणू-जनुकांपैकी एखादेच दिसले. दोन्हींत नवा नमुना द्यावा लागतो.

लक्षणे नसताना पॉझिटिव्ह आले तर? हा हिशेब बघा. हजार प्रवाशांत दहा बाधित आहेत आणि अँटिजेनची संवेदनशीलता ८० टक्के, विशिष्टता ९९ टक्के. दहांतले आठ सापडतील, आणि उरलेल्या ९९० निरोग्यांतले दहा विनाकारण पॉझिटिव्ह येतील. अठरांपैकी आठच खरे. म्हणून अशा वेळी पीसीआरने खातरजमा करतात. उलट पीसीआर बरे झाल्यावरही कित्येक आठवडे मेलेल्या विषाणूचे तुकडे दाखवत राहते. त्यासाठीच युरोपीय संघाचे बरे झाल्याचे प्रमाणपत्र पॉझिटिव्ह आल्यानंतर ११व्या दिवसापासून १८० दिवसांपर्यंत चालायचे, आणि अमेरिका ९० दिवसांतला जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट व डॉक्टरचे पत्र मान्य करायची. जुना पॉझिटिव्ह कागद फाडून टाकू नका.

आईबाबांसाठी एवढे करा: केमिस्टकडून दोन स्व-चाचणी किट घेऊन ठेवा, काउंटरवर दाखवायला नव्हे, घरासाठी. मुदतीची तारीख बघा, आणि मुंबईच्या दमट हवेत पाकीट वापरायच्या क्षणीच उघडा. निघण्याच्या आठवड्यात सर्दी, घसा, ताप काही वाटले तर करा, निगेटिव्ह आली तर दोन दिवसांनी दुसरी. निकाल १५ मिनिटांनी वाचायचा. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरू नका. ‘सी’ची, म्हणजे कंट्रोलची, रेघ नसेल तर किट बाद. वेळेत ‘टी’समोर, म्हणजे टेस्टच्या जागी, फिकट जरी रेघ दिसली तरी ती पॉझिटिव्हच. मोबाइलचा टॉर्च मारून ‘ही काय रेघ म्हणायची’ अशी घरात चर्चा करत बसू नका, डॉक्टरला फोन करा आणि मग विमान कंपनीला.